अंगठ्याचं बेचकं

“दोरीला रक्त लागलंय. कुणाचं आहे?”

अण्णांनी आवाज चढवला नव्हता. ते कधीच चढवत नसत. पांढऱ्या सुती दोरीचा मधला भाग त्यांनी दोन बोटांत धरला होता आणि त्यावर पुसट तांबूस डाग होता. आम्ही मुली भिंतीशी ओळीत उभ्या होतो. पलीकडे लाकडी मल्लखांबाजवळ मुलं एकमेकांना कोपरखळ्या मारत होती. मुलांना शिकवणारे विलासदादा भुवड एकदम खिडकीबाहेर पाहायला लागले. मुलींची दोरी आणि तिला रक्त, म्हटल्यावर त्यांच्या मनात काय आलं ते सगळ्यांना कळलं. माझे कान तापले.

“माझं आहे,” मी म्हणाले. “पायाचं.” ‘पायाचं’ हा शब्द मी मुलांकडे बघून म्हणाले.

“दाखव.”

मी उजवा पाय पुढे केला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्यामधल्या बेचक्यातली कातडी पांढरी पडून फुगली होती, आणि तिला मधोमध चीर गेली होती.

दोरीचा मल्लखांब ज्यांनी पाहिला नसेल त्यांना एवढंच सांगते, की आढ्याला बांधलेली एकच दोरी खाली सोडलेली असते. तिला गाठ नसते, कडी नसते. चढणारी मुलगी ती दोरी पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात पकडते आणि त्या पकडीवर अख्खं शरीर वर उचलते. पुढचे सगळे वेढे, सगळी आसनं त्यानंतरची. ते बेचकंच फाटलं तर मुलगी जमिनीवरच राहते.

“चिखल्या,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी माझ्या पायावरून नजर पटकन काढून घेतली. “आणखी कुणाला?”

शुभदा खेराडेने पाय पुढे केला. मग दीप्तीने. मग एकेक करत आमच्या सगळ्या ओळीने. कुणाच्या करंगळीकडच्या बेचक्यात, कुणाच्या दोन्ही पायांना.

“मुलांचेही बघा ना अण्णा,” शुभदा म्हणाली.

“मुलांना काही झालेलं नाही,” विलासदादा खिडकीतून वळून म्हणाले. “इतकी वर्षं शाळा चालली, कधी हे नव्हतं. तुम्ही आलात आणि सुरू झालं.”

मुलींचा वर्ग सुरू होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. चिपळूणच्या बाजारपेठेमागची ती व्यायामशाळा अण्णा निमकरांनी तरुणपणी उभी केली, आणि म्हातारपणी कुणाचंही न ऐकता तिच्यात मुलींसाठी दोरी बांधली. त्या वर्षी राज्य स्पर्धेला पहिल्यांदाच आमचा मुलींचा संघ जायचा होता. मी कप्तान होणार हे कुणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

“आजपासून येताना एकदा आणि जाताना एकदा, दोन्ही वेळा पाय धुवायचे,” अण्णा म्हणाले. “डोणीत उभं राहून. घासून. गुरुपौर्णिमेला मी स्पर्धेची नावं पाठवतो. तोवर पाय नीट झाले तर मुलींचा संघ जाईल. नाही झाले तर जाणार नाही.”

दाराशी दगडाची लांबट डोणी होती. आत येणाऱ्या प्रत्येकाने तिच्यात उभं राहून पाय धुवायचे आणि पलीकडच्या गोणपाटावर पाय देऊन आत यायचं, ही आमच्या शाळेची शिस्त. पाय धुतल्याशिवाय दोरीला पाय लावायचा नाही. दुसऱ्या गावचे लोक ती डोणी बघायला येत. ती भरायचं काम अण्णांनी कुणाला दिलं नव्हतं. आमच्या आधी येऊन ते स्वतः विहिरीचं पाणी ओढत. आम्ही येईपर्यंत डोणी काठोकाठ भरलेली असे आणि अण्णा आत, जाड पांढऱ्या मोज्यांत, गादीच्या कडेला उभे असत. बूट बाहेर, मोजे मात्र पायात. वयामुळे त्यांना गार फरशी सोसत नाही असं आम्हाला सांगितलेलं होतं.

आम्ही दोनदा पाय धुवायला लागलो. पाय दुप्पट वेगाने बिघडायला लागले.

त्याच आठवड्यात विलासदादांनी बाहेर चप्पल घालताना मला हाक मारली. आवाजात जरा समेट होता.

“ही ट्यूब घे गो. सगळ्या जणी लावा. दोन दिवसांत पाय गुळगुळीत. मी मुलांना हीच देतो.”

“मुलांना काही झालेलं नाही ना दादा?” शुभदा मागून म्हणाली. “मग देता कशाला?”

दादांनी ट्यूब माझ्या हातात कोंबली आणि ते निघून गेले.

ट्यूबने खरंच जादू केली. खाज थांबली, लाली गेली, चीर मिटत आली. दीप्ती तर पाय नाकाला लावून दाखवत होती, वास सुद्धा नाही म्हणून. आठवडाभरात ट्यूब संपली आणि पुढच्या आठवड्यात माझ्या पावलाच्या वरच्या बाजूला लाल कडा असलेलं गोल चकंदळ उठलं. पूर्वी बोटांच्या मध्ये होतं ते आता पावलावर चढलं. रात्री मी एका पायाने दुसरा पाय खाजवायचे. शेवटी आईने माझं पांघरूण उचललं आणि दुसऱ्या दिवशी मला डॉक्टर नसरीन पारकरांकडे नेलं. आमच्या गावात कातडीच्या डॉक्टर त्या एकट्याच होत्या.

त्यांनी माझ्या पायाआधी रिकामी ट्यूब पाहिली.

“हे कुणी दिलं?”

“व्यायामशाळेत देतात.”

“यात एक औषध बुरशीचं आहे आणि दुसरं खाज दाबायचं, स्टेरॉइड. दुसरं पहिल्यापेक्षा जोरात चालतं. खाज गेली, तू खूश. आतमध्ये बुरशीला रान मोकळं.” त्यांनी ट्यूब कचऱ्यात टाकली. “बाकी काय करतेस?”

“दोनदा पाय धुते,” मी अभिमानाने म्हणाले.

“आणि पुसतेस?”

मी आईकडे पाहिलं.

“पायाची बोटं कोण पुसतं बाई?” आई म्हणाली.

“कुणीच नाही. म्हणून तर माझं घर चालतं.” त्या हसल्या, मग माझ्याकडे वळल्या. “या आजाराला नाव चुकीचं पडलंय. चिखल्या म्हटलं की लोकांना वाटतं चिखलाने होतं. मग धूत सुटतात. चिखल बिचारा कुठेच नसतो. ही बुरशी आहे, आणि तिला ओल लागते. बोटांच्या बेचक्यात ओल राहिली की ती तिथे मुक्काम करते. तू तिला दिवसातून दोनदा पाणी घालत होतीस.”

त्यांनी लिहून दिलेलं मलम साधं होतं, जादू नसलेलं. सकाळ-संध्याकाळ, पातळ, कोरड्या पायाला, लाल कडेच्याही थोडं बाहेरपर्यंत. पाय बरा दिसायला लागला की लोक थांबतात आणि तिथेच फसतात. बरा दिसल्यावरही दोन आठवडे लावायचं. पाय पुसायचा पंचा स्वतःचा, दुसऱ्या कुणाचा नाही. मोजे सुती, रोज धुतलेले, पावसात वाळत नसतील तर इस्त्री फिरवून. चीर मिटेपर्यंत दोरी बंद. मी त्यांना डोणीचं आणि गोणपाटाचंही सांगितलं.

“आणि एकटीला बरं करून उपयोग नाही,” त्या म्हणाल्या. “एकाच पाण्यात पाय बुचकळता, एकाच गोणपाटाला पुसता. मी रविवारी येते. सगळ्यांचे पाय बघायचेत मला.”

रविवारी त्या आल्या. अण्णांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, आणि हात पाठीमागे बांधून मोज्यांत उभे राहिले. डॉक्टरांनी आधी मुलांना बोलावलं.

निम्म्याहून जास्त मुलांच्या बोटांत तेच होतं. काहींचं तर आमच्यापेक्षा जुनं. शुभदाने मला कोपर मारलं आणि मोठ्याने विचारलं, “दादा, ही मुलं पण आमच्यानंतर आली का हो?” विलासदादांनी स्वतःचा पाय दाखवला तेव्हा डॉक्टर नुसत्या “हं” म्हणाल्या आणि त्यांनी दादांच्या हातात चिठ्ठी दिली.

मग त्या डोणीपाशी गेल्या. पाण्यात हात न घालता बराच वेळ बघत राहिल्या.

“निमकर साहेब, ही बंद करावी लागेल.”

“पन्नास वर्षांची शिस्त आहे बाई.”

“शिस्त राहू द्या. नळ लावा, वाहत्या पाण्याने धुऊ द्या, आणि पुसू द्या. साचलेलं पाणी नको.” त्यांची नजर खाली गेली. “सगळ्यांचे पाय पाहिले. तुमचे राहिले.”

“मी दोरीला पाय लावत नाही. गादीवरही जात नाही.”

“ही डोणी कोण भरतं?”

अण्णा चहाचा कप उचलायला वळले. डॉक्टर पिशवी उचलून निघाल्या. दारात मला म्हणाल्या, “तुम्ही मलम लावत राहा. पण एक जरी पाय राहिला ना, तर पुन्हा माझ्याकडेच याल.”

डोणी बंद झाली नाही. अण्णा दुसऱ्या दिवशीही आमच्या आधी आले होते आणि ती काठोकाठ भरलेली होती. मी आणि शुभदा तिच्यात न उतरता कडेकडेने आत गेलो. अण्णांनी ते पाहिलं. चार दिवसांनी ते मुलांसमोर म्हणाले, “ज्यांना शिस्त नको त्यांनी स्पर्धेचं स्वप्न पाहू नये.” गुरुपौर्णिमा जवळ येत होती.

त्या दिवसांत झाडण्याची पाळी माझी होती. एका दुपारी शाळा लवकर सुटली म्हणून मी व्यायामशाळेत नेहमीपेक्षा आधीच पोहोचले आणि बाजूच्या दाराने आत शिरले. पुढच्या दाराशी अण्णा डोणीच्या काठावर बसले होते, माझ्याकडे पाठ करून, जरासे तिरके. मोजे शेजारी ठेवलेले. एक पाय त्यांनी आडवा धरला होता आणि बोटांचं बेचकं दगडाच्या कडेवर जोरजोराने घासत होते. डोळे मिटलेले. तोंड किंचित उघडं. त्या चेहऱ्यावरचं सुख मला अनोळखी नव्हतं. रात्री पांघरुणात माझाही चेहरा तसाच होत असणार. मग त्यांनी दोन्ही पाय पाण्यात सोडले.

मी मागच्या मागे निघाले. दार वाजलं. मी वळचणीखाली उभी राहिले आणि बाकीच्या मुली आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर आत गेले. घरी कुणाला सांगितलं नाही. शुभदालाही नाही. तिला सांगणं म्हणजे एसटी स्टँडवर भोंग्यातून सांगणं.

रात्रभर मला एवढंच कळत होतं की ते थांबले नाहीत तर आमचे पाय बरे व्हायचे नाहीत, आणि पाय बरे झाले नाहीत तर संघ जायचा नाही. आणि त्यांना सांगणार कोण, तर सोळा वर्षांची मी.

दुसऱ्या दिवशी मी आणखी लवकर गेले, पुढच्या दाराने, चपला वाजवत. अण्णांनी मोजे चढवले होते. ओले डाग वरपर्यंत आले होते.

“एवढ्या लवकर?”

“पाय पुसायला आले.”

मी बाहेरच्या हौदातून तांब्याने पाणी घेतलं, पाय धुतले, त्यांच्यासमोरच्या पायरीवर बसले आणि पंचा काढला.

“डॉक्टरबाईंनी शिकवलंय ते तुम्हाला दाखवते,” मी म्हणाले. “तुम्ही सगळ्यांकडून करून घ्याल म्हणून.”

“पाय कसे पुसतात ते मला ठाऊक आहे.”

“नाही ठाऊक, अण्णा. आम्हालाही नव्हतं. करंगळीपासून सुरू करायचं. बोट बाजूला ओढायचं, पंच्याचं टोक आत घालायचं, आणि कोरडं लागेपर्यंत बाहेर काढायचं नाही. घासायचं नाही. टिपायचं.”

मी एकेक बेचकं टिपत होते. बाहेर पागोळ्या गळत होत्या.

“काल दार वाजलं होतं,” अण्णा म्हणाले.

“हो.”

“काय बघितलंस?”

“तुम्ही दगडावर पाय घासत होतात.” मी वर पाहिलं नाही. “मला माहीत आहे तेव्हा किती बरं वाटतं. आणि नंतर किती आग होते तेही.”

मला वाटलं, आता ते मला जायला सांगतील. ते डोणीच्या काठावर बसले.

“अठरा-एकोणीस वर्षांचा होतो,” ते म्हणाले. “प्रात्यक्षिकं होती. भर मैदानात, अख्खं गाव बसलेलं. मी वर चढलो होतो. उस्तादांची नजर माझ्या पायावर गेली आणि त्यांनी मला हाताच्या खुणेने खाली उतरवलं. कातडी अशी पांढरी, सोललेली. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, महारोग. त्या काळात तेवढं पुरे होतं. वर्षभर आखाड्यात माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. मग मी मोजे घातले.”

“डॉक्टरांकडे नाही गेलात?”

“डॉक्टरला पाय दाखवावे लागतात.”

मी दुसरा पाय पुसायला घेतला. तेच पुढे म्हणाले, “तुला वाटतं मी तुमचा संघ शिस्तीसाठी अडवतोय. तिथे पंचांसमोर पाय पुढे करून ओळीत बसवतात, वैजू. परक्या गावात, हजार माणसांत कुणी एक शब्द बोललं, तर तू पुन्हा दोरीला हात लावशील?”

“लावीन.”

“बोलायला सोपं आहे.”

“बोलायलाच अवघड आहे, अण्णा,” मी म्हणाले. “दोरीला हात लावणं सोपं आहे. तुम्हीच शिकवलंय.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग होता की आणखी काही, मला तेव्हा वाचता आलं नाही. मी दप्तरातून आईने शिवलेला दुसरा पंचा आणि न फोडलेलं मलम काढून त्यांच्याशेजारी दगडावर ठेवलं.

“पंचा कोरा आहे. दुसऱ्या कुणाचा वापरायचा नाही, म्हणून वेगळा आणलाय.”

आणि मी झाडू घेऊन आत गेले. माघारी आले तेव्हा दगडावर काही नव्हतं. अण्णा त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. डोणी भरलेलीच होती.

गुरुपौर्णिमेला शाळा माणसांनी भरून गेली. जुने विद्यार्थी, आईबाप, नगरपालिकेतली दोन माणसं. मारुतीला हार झाला, मल्लखांबाला झाला, दोरीला झाला. मग दीप्तीचे वडील परात, तांब्या आणि फुलं घेऊन पुढे आले. हे दरवर्षीचंच होतं. कुणीतरी अण्णांचे पाय धुवायला पुढे यायचं, अण्णा हात जोडून नको म्हणायचे, आणि घरी जाताना लोक म्हणायचे, केवढा निगर्वी माणूस, स्वतःची पाद्यपूजा म्हणून करून घेत नाही.

“अण्णा, यंदा तरी,” दीप्तीचे वडील म्हणाले.

अण्णा खुर्चीवर बसले. वाकले आणि त्यांनी उजवा मोजा काढला.

दीप्तीच्या वडिलांना इतका आनंद झाला की तांब्यातलं थोडं पाणी सांडलं. अण्णांनी डावा मोजा काढला आणि परात पायाने बाजूला सारली.

“धुवायचे नाहीत,” ते म्हणाले. “बघायचे आहेत. विलास, वरचा दिवा लाव.”

दिवा लागला. पावलं पांढरट आणि खरखरीत होती, बोटांची बेचकी फाटलेली, नखं जाड पिवळी. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पदर नाकाकडे नेला आणि मध्येच थांबवला.

“ह्या चिखल्या,” अण्णा म्हणाले. ते स्पर्धेचा निकाल वाचतात त्या स्वरात बोलत होते. “पन्नास वर्षांच्या. आपल्याकडे मुली येऊन दोन वर्षं झाली. तेव्हा कुणी कुणाला दिल्या त्याचा हिशेब विलासने करावा. त्या डोणीत रोज पहिले पाय माझे पडत होते. तुम्हा सगळ्यांचे माझ्यानंतर. आजपासून डोणी बंद. उद्या नळवाला येईल. मी डॉक्टर पारकरांकडे उद्या सकाळी जाणार आहे, ज्यांनी औषध अर्ध्यावर सोडलंय त्यांनी माझ्याबरोबर यावं.”

दीप्तीच्या वडिलांनी परात उचलून भिंतीशी ठेवली.

“मुलींच्या संघाची नावं उद्याच जातील. कप्तान, वैजयंती साळवी.”

टाळी पहिली कुणी वाजवली ते मला आठवत नाही. शुभदा म्हणते तिने वाजवली. ती प्रत्येक गोष्टीबद्दल तेच म्हणते. मी टाळी वाजवली नाही, कारण मला अण्णांच्या पायांवरून नजर काढायची नव्हती. तीनशे माणसं बघत होती आणि त्यांनी पाय मागे घेतले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून अण्णांनी पाय पुसण्याचीही कवायत केली. दुसरं काय होणार होतं? शिटी वाजली की सगळ्यांनी पायरीवर ओळीत बसायचं, पंचा उजव्या हातात. “एक!” म्हटलं की करंगळीचं बेचकं. “दोन!” म्हटलं की पुढचं. मध्येच ते एखाद्याच्या बोटांत कोरडा कापूस घालून बघायचे. ओला निघाला तर त्याला सगळं पुन्हा. गाद्या ऊन पडेल तेव्हा उन्हात. प्रत्येकाची चप्पल वेगळ्या खणात. ते स्वतः ओळीच्या शेवटी बसून आमच्याबरोबर पुसायचे, आणि आम्हाला आधी वाटलं तसं हसायला आलं नाही. फक्त एकदा शुभदा म्हणाली, “अण्णा, ह्यात पण पदक असतं का?” आणि अण्णा म्हणाले, “असतं. तुला मिळणार नाही, तुझं तिसरं बेचकं ओलं आहे.”

श्रावण सरता सरता माझी चीर मिटली. मी मलम सोडलं नाही. पहिल्यांदा दोरी बेचक्यात धरली तेव्हा कातडी नवी होती, तिथे अजून घट्टा पडला नव्हता, आणि जळजळलं. पण ते दोरीचं जळजळणं होतं. ते मला चालत होतं.

स्पर्धा घाटावर होती, गणपतीनंतर. मैदानात उतरण्याआधी आम्ही मंडपाच्या कडेला ओळीत बसलो, प्रत्येकीचा पंचा प्रत्येकीच्या हातात, आणि अण्णांनी हळू आवाजात आकडे म्हटले. आमच्यासमोरून गेल्या वर्षीच्या विजेत्या संघाचे व्यवस्थापक चालले होते, अंगात चकचकीत ट्रॅकसूट, पायात महागडे बूट. ते थांबले.

“काय हो, कोकणातून पायांची पूजा करायला आलात का?” त्यांच्या मुली हसल्या.

“पूजा झाली,” अण्णा म्हणाले. “आता दोरी.”

पंचांसमोर आम्ही पाय पुढे करून बसलो. ते आमच्या पायांवरून नजर फिरवत गेले आणि कुठेच थांबले नाहीत. अण्णा माझ्या मागे उभे होते. पंच पुढच्या संघाकडे वळले तेव्हा अण्णांनी श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

माझं नाव पुकारलं तेव्हा मी दोरी धरली, उडी घेतली आणि उजव्या पायाच्या बेचक्यात ती पकडली. पकड बसली. त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मंडपाचं छत जवळ येत गेलं. वेढा सोडून उलटी लटकले तेव्हा खाली सगळे चेहरे उलटे होते आणि त्यांत अण्णांचा एकट्याचा सरळ वाटला. शेवटचं आसन धरून मी मनात मोजायचं ते मोजलं, वर आणखी थोडं थांबले, कारण थांबता येत होतं म्हणून.

आम्ही दुसरे आलो. पहिल्या वर्षी गेलेला संघ दुसरा आला हे त्या मंडपात कुणालाच पटकन खरं वाटलं नाही, पंच तर दोनदा खात्री करून आले. पहिले तेच, ट्रॅकसूटवाले. त्यांची कप्तान खरंच माझ्यापेक्षा चांगली होती.

पदकं गळ्यात पडल्यावर आम्ही मंडपाच्या पायऱ्यांवर सामान बांधत होतो. ती कप्तान तिच्या संघापासून दूर होऊन माझ्याकडे आली. सोन्याचं पदक गळ्यात आणि पाय बाहेरच्या कडेवर टेकवत चालणं. ते चालणं मी ओळखलं.

“तुम्ही ते बोटांच्या मध्ये पुसत होतात ना,” तिने अगदी हळू विचारलं. “ते कशासाठी?”

मी तोंड उघडलं, पण अण्णा दोन पायऱ्या वर बसले होते आणि त्यांच्या कानांना काही झालेलं नव्हतं.

“ये, बस इथे,” ते म्हणाले. त्यांनी पट्ट्यांच्या उघड्या सँडलमधून पाय बाहेर काढून तिच्यासमोर पायरीवर ठेवला. बोटांची कातडी बरी झाली होती. नखांना अजून वर्ष लागणार होतं. “हे बघ. मला पन्नास वर्षं चिखल्या होत्या. लाजत होतो. तू किती दिवस लाजतेयस?”

ती रडेल असं मला वाटलं. ती बसली आणि तिने मोजे काढले. तिच्या मागून तिच्या संघातली एक मुलगी आली, मग दुसरी, मग तिसऱ्याच जिल्ह्याच्या दोघी, ज्यांना आम्ही ओळखतही नव्हतो. पायरीवर अनवाणी पायांची ओळ लागली. दीप्ती पिशवीतून कापूस काढत होती आणि शुभदा स्वतः डॉक्टर असल्यासारखी कुणाला तरी सांगत होती की बरं दिसलं म्हणून थांबायचं नाही.

ट्रॅकसूटवाले व्यवस्थापक गर्दी सारत आले. “काय चाललंय इथे?”

“पाय बघतोय,” अण्णा म्हणाले. “बसा. तुमचेही बघू.”

ते हसले. मुलींपैकी कुणीच हसलं नाही. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे, आणि मग ते खालच्या पायरीवर बसून नाडी सोडायला लागले.

मागे उभ्या असलेल्या एका लहान मुलीने माझा हात ओढला.

“हे डॉक्टर आहेत का?”

“नाही,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “हे आमचे अण्णा.”